ठसका न लावणारा धूर

मिरचीची फोडणी पडली की घरभर ठसका लागतो आणि कुणीतरी उठून खिडकी उघडतं. पोळ्या भाजताना, उदबत्ती लावताना, रात्री डासांची कॉइल पेटवताना मात्र कुणी खोकत नाही, म्हणून खिडकी बंदच राहते. फुप्फुसांना जास्त जपायचं ते या न जाणवणाऱ्या धुरापासून.

10 मायक्रॉनपेक्षा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठे कण बहुतेक नाकाघशात अडकतात, शिंकेतून नि कफातून बाहेर पडतात. 2.5 मायक्रॉनपेक्षा बारीक कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहूनही लहान, पार वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुप्फुसांच्या टोकाच्या हवेच्या इवल्या पिशव्यांपर्यंत उतरतात. श्वासनलिकेत कफ वर ढकलणारी बारीक लव असते, वायुकोशांत ती नसते. तिथल्या पेशी कण गिळतात, पण रोज भर पडत गेली की आतली सूज उतरतच नाही. दमेकऱ्याचा दमा त्याच रात्री उफाळू शकतो. इतरांना काही वर्षांनी जिना चढताना धाप लागू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या शिफारशीनुसार या कणांची 24 तासांची सरासरी घनमीटरला 15 मायक्रोग्रॅमच्या आत हवी. जोरदार तळण चालू असलेलं बंद स्वयंपाकघर तळणाच्या वेळात याच्या कितीतरी पुढे जातं.

सुरुवात गॅसपासून करा. ज्योत निळी हवी. पिवळी असेल आणि भांड्यांची बुडं काळी होत असतील तर बर्नरची भोकं टाचणीने साफ करा, बर्नर धुऊन पूर्ण वाळवूनच बसवा. फोडणीसाठी तेल मध्यम आचेवर तापवा आणि आधी एकच मोहरी टाका. ती तडतडली की तेल तयार आहे. निळसर धूर दिसेपर्यंत थांबलात तर तेल जळायला लागलेलं असतं. तळून उरलेलं तेल पुन्हा तापवलं की आधीपेक्षा लवकर धुरावतं, तेव्हा ते वारंवार वापरू नका.

पोळ्यांच्या वेळचा बराचसा धूर पोळीचा नसतो, तव्यावर जळणाऱ्या पिठीचा असतो. पोळी तव्यावर टाकण्याआधी दोन्ही हातांवर झटका आणि दर तीन-चार पोळ्यांनंतर तवा जाड कोरड्या फडक्याने पुसून घ्या. एवढ्यानेच धूर कमी झालेला डोळ्यांना दिसतो.

एक्झॉस्ट पंखा गॅस पेटवण्याआधी दोन-तीन मिनिटं लावा आणि स्वयंपाक संपल्यावर 15 मिनिटं चालू ठेवा. तो हवा खेचतो की नुसता फिरतो, हे पाहायला टिश्यू पेपरचा तुकडा जाळीजवळ धरा. चिकटून राहिला पाहिजे. पंख्याला लागूनच असलेली खिडकी उघडली तर तिथलीच हवा आत येऊन लगेच बाहेर जाते आणि ओट्यावरचा धूर जागचा हलत नाही. म्हणून समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार उघडा. चिमणी असेल तर तिचा पाइप बाहेर काढलेला हवा. बिनपाइपची चिमणी कोळशाच्या फिल्टरने वास कमी करते, बारीक कण बरेचसे घरातच परत सोडते. रोज फोडणी होत असेल तर चिमणीची जाळी पंधरवड्याला काढा, गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून अर्धा तास भिजवा आणि घासा. जाळी अॅल्युमिनियमची असेल तर सोडा नको, ती काळी पडते. भांड्यांचा साबण वापरा.

डासांच्या कॉइलबद्दल आमचं मत ठाम आहे: झोपायच्या खोलीत ती नकोच. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून 75 ते 137 सिगारेटींएवढे बारीक कण बाहेर पडतात असं आढळलं. एसीच्या खोलीत तर तीच हवा रात्रभर फिरत राहते. खिडक्यांना जाळ्या आणि पलंगाला मच्छरदाणी लावा. पायांच्या बाजूलाही ती गादीखाली नीट खोचा, नाहीतर डास तिथून शिरतात. उदबत्ती, धूप लावायचा तर खिडकी उघडी ठेवा, एकच काडी लावा आणि दमेकरी, तान्हं बाळ दुसऱ्या खोलीत असू द्या.

अंगण झाडण्याआधी पाणी शिंपडायची रीत आपल्याकडे जुनीच आहे, तेच घरात फरशीला लागू करा. कोरडा झाडू धूळ उडवतो, ती पुन्हा सामानावर बसते. आधी ओल्या फडक्याने सामान पुसा, मग झाडू हलका, जमिनीला टेकवून ओढा आणि शेवटी फरशी पुसा. गाद्या, चादरी गॅलरीत झटका, खोलीत नाही.

एअर प्युरिफायर शेवटी. हेपा फिल्टरचाच (हा अगदी बारीक कणही अडवतो) घ्या आणि झोपायच्या खोलीत ठेवा. स्वयंपाकघरात तेलाच्या वाफेने फिल्टर लवकर तुंबतो.

खोकला तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, रात्री छातीत घरघर झाली किंवा नेहमीच्या कामात धाप लागली तर डॉक्टरांकडे जा आणि स्पायरोमेट्रीबद्दल विचारा. नळीत जोरात फुंकर मारायची साधी तपासणी असते. आणि तिथे स्वतःहून सांगा: घरात चूल आहे का, कॉइल किती रात्री लागते, स्वयंपाकघराला खिडकी आहे की नाही.