ऑटिझमवाल्या मुलाच्या ताई-दादाकडे पण बघा जरा

धाकट्याची थेरपी दादरला, त्यामुळे थोरलीचा निम्मा होमवर्क लोकलमध्येच व्हायचा, आणि एक दिवस ती पटकन म्हणाली, "मलाच ऑटिझम असता तर बरं झालं असतं." पोटात गोळाच आला.

तेव्हापासून दर रविवारी अर्धा तास फक्त तिचा, शिवाजी पार्कचा कट्टा, भेळ, फोन बंद, धाकट्याचा विषय तिने काढला तरच. त्याचा राग येतो, लाज वाटते म्हणाली तर "असं बोलू नये" म्हणायचं नाही हां, नुसतं ऐकायचं. ऑटिझम कोणाच्या चुकीने होत नाही, तिच्या तर नाहीच, हे स्पष्ट सांगा. "तू समजूतदार ना" हे तर बंदच करा. झोप, जेवण बरेच दिवस बिघडलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा, फुकट आहे, मराठीतही बोलतात.