हंगाम सरताना फुलझाडे ओळखावी आणि वाटावी कशी

कोकणात ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पावसाचा जोर सरतो, भातकापणी सुरू होते आणि परसातल्या फुलझाडांकडे पाहायला कोणालाच सवड राहत नाही. वास्तविक झाडे ओळखण्यासाठी आणि शेजारीपाजारी देण्याघेण्यासाठी वर्षातला हाच काळ सर्वांत सोयीचा असतो. श्रावणात कुर्डू किंवा तेरडा पाहिला तर फक्त फूल दिसते. आश्विनात त्याच फांदीवर उमललेले फूल, त्याखाली हिरवे बोंड आणि अगदी खाली पिकलेले बी असे सगळे एकदम हाती लागते. फुलाचा रंग पुष्कळदा फसवतो. फळ आणि बी सहसा फसवत नाहीत. म्हणून ज्यांना परसातल्या झाडांची नीट ओळख करून घ्यायची आहे, त्यांनी नवरात्रापासून तुळशीच्या लग्नापर्यंतचे दिवस त्यासाठी राखून ठेवावेत.

ओळखण्याची सुरुवात फुलापासून करू नये. आधी पाने फांदीवर समोरासमोर आहेत की एकाआड एक, हे पाहावे. मग खोड गोल आहे की चौकोनी, पान तोडल्यावर चीक येतो का, आणि पान चुरगाळल्यावर वास कसला येतो, हे नोंदवावे. एवढ्या चार गोष्टींवर निम्मे काम होते. चौकोनी खोड, समोरासमोर पाने आणि उग्र वास असेल तर झाड बहुधा तुळशीच्या कुळातले निघते. पांढरा चीक आला तर रुई, चाफा, पिवळी कण्हेर यांच्या कुळाकडे किंवा शेराच्या कुळाकडे पाहावे, आणि हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नये.

कोरांटी आणि अबोली ही या पद्धतीची उत्तम उदाहरणे आहेत, कारण दोन्ही अडुळशाच्या कुळातल्या आहेत, दोन्हींची पाने समोरासमोर असतात आणि फुले नसताना नवख्या माणसाला त्यांत फरक करता येत नाही. पिवळ्या कोरांटीच्या पानांच्या बेचक्यांत टोकदार काटे असतात. जांभळी आणि पांढरी कोरांटी बिनकाट्यांची असते. मात्र तिच्या फुलाखालच्या पुष्पकोशावरून बोट फिरवले तर कडेचे बारीक दाते टोचतात. अबोलीला यांपैकी काहीच नसते. तिचे फूल हिरव्या, चौधारी कणसातून बाहेर येते आणि त्याच्या पाकळ्या एकाच बाजूला पसरतात. या कणसाच्या खालच्या भागात करडी-तपकिरी झालेली बोंडे सापडली तर त्यातले एक बोंड वाटीतल्या पाण्यात टाकावे. काही क्षणांत ते तडकन फुटते आणि बी वाटीबाहेर जाऊन पडते. झाडावरही पहाटेच्या दवाने हेच घडते, त्यामुळे अबोलीचे बी हवे असेल तर कणीस पूर्ण वाळण्याच्या आधी कापून कागदी पाकिटात ठेवावे आणि पाकीट कोरडे राहील अशी खबरदारी घ्यावी. ज्या अबोलीला कधीच बी धरत नाही ती बहुधा ‘दिल्ली’ नावाने मिळणारी जात असते. तिचे बी मागण्यात अर्थ नाही, फांदीच मागावी.

दसऱ्याला आपट्याच्या नावाखाली कांचनाची पाने ओरबाडली जातात, हा प्रकार आता इतका रूढ झाला आहे की बाजारातल्या ढिगावर विश्वास ठेवू नये. आपट्याचे पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त असते. कांचनाचे पान चांगले तळहाताएवढे वाढते. दसऱ्याला आपट्यावर फूल नसते, पण वाकड्या, काळपट शेंगा मात्र झाडावर टिकून असतात, आणि तीच खरी खूण समजावी. कांचनातही पुन्हा दोन झाडे आहेत. पावसानंतर, झाडावर पाने असतानाच जे फुलते ते देवकांचन. पानगळीनंतर फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास जे फुलते ते साधे कांचन. फूल हातात घेऊन पुंकेसर मोजले तर देवकांचनात बहुधा तीन पूर्ण वाढलेले केसर दिसतात आणि कांचनात पाच. शिवाय देवकांचनाच्या पाकळ्या अरुंद आणि एकमेकींपासून सुट्या असतात.

फूल कोणत्या वेळी पाहिले, हेही लिहून ठेवणे आवश्यक आहे. स्थलकमळ याच दिवसांत फुलते. सकाळी ते पांढरेशुभ्र असते, दुपारी त्यावर गुलाबी झाक येते आणि संध्याकाळी ते गडद गुलाबी होऊन मिटू लागते. एकाने सकाळी आणि दुसऱ्याने दिवेलागणीला काढलेले फोटो शेजारी ठेवले तर ते एकाच झुडपाचे आहेत, हे सांगूनही पटत नाही. गुलबक्षी दुपार कलल्यावर उमलते, चिनी गुलाब ऊन वर आल्याशिवाय उघडत नाही, आणि मधुमालतीच्या एकाच घोसात पांढरी, गुलाबी व लाल फुले एकत्र असतात, कारण फूल जुने होते तसा त्याचा रंग चढत जातो. वेळेची नोंद नसेल तर अशा झाडांबाबत निष्कारण वाद होतात.

कोणाला विचारण्यासाठी फोटो पाठवायचा असेल तर एकच गोजिरवाणा फोटो पाठवू नये. त्यावरून फार तर कौतुक करता येते, ओळख पटत नाही. पूर्ण झाड, पानांची मांडणी, पानाची मागची बाजू, फूल समोरून आणि बाजूने, आणि बोंड किंवा शेंग असे फोटो असावेत, व त्यांतल्या एकात मापासाठी एखादे नाणे ठेवावे. फुलाचा बाजूने काढलेला फोटो बहुतेक जण विसरतात, आणि नेमका पुष्पकोश त्यातच दिसतो. मार्गशीर्षात कुंद आणि मोगरा यांच्यात जो घोळ होतो तो या एका फोटोने मिटतो: कुंदाच्या फुलाखालचे हिरवे दाते लांब, बारीक आणि केसाळ असतात, आणि त्याची कोवळी फांदीही बोटाला मऊ लागते, शिवाय थंडी पडल्यावर भरभरून फुलतो तो कुंदच. आयनॅचरलिस्ट किंवा प्लँटनेट यांसारखी मोबाइल ॲप जे नाव सुचवतात ते तपासाची सुरुवात म्हणून घ्यावे, निकाल म्हणून घेऊ नये. गावात चालणारे नाव आणि शास्त्रीय नाव दोन्ही लिहावे, कारण चार कोसांवर त्याच झाडाला दुसरे नाव असू शकते.

आता वाटण्याविषयी. बी द्यायचे असेल तर ते झाडावरच पिकू द्यावे. तेरड्याचे बोंड हिरवेपणा सोडून पिवळसर झाले की त्याभोवती आधी मूठ धरावी आणि मगच ते दाबावे, नाहीतर बी अंगणभर उधळते. कुर्डूचे कणीस कागदावर उलटे धरून झटकले की बारीक, काळे, चकचकीत बी पडते. झेंडूचे फूल पूर्ण वाळल्यावर पाकळ्यांचा जुडगा उपसला तर त्याला चिकटलेले काळे, सुईसारखे बी मिळते. मात्र रोपवाटिकेतून आणलेल्या संकरित झेंडूचे बी देताना तसे स्पष्ट सांगावे, कारण पुढच्या पिढीत फुले तशीच येतील याची खात्री नसते. कोकणच्या दमट हवेत बियांचा खरा शत्रू बुरशी आहे. बी सावलीत वाळवावे, कागदी पुडीत बांधावे आणि ती पुडी कोरडी राख घातलेल्या बरणीत ठेवून झाकण घट्ट लावावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत अर्धवट वाळलेले बी बांधून देणे म्हणजे ते कुजवून देणे होय.

फांद्या लावायला पहिला पाऊस सर्वांत चांगला, हे खरे. तरी कोरांटी, अबोली आणि जास्वंद यांच्या फांद्या सावलीत आणि नियमित पाण्यावर आताही रुजतात. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब फांदी डोळ्याच्या लगेच खाली तिरकी कापावी, वरची एक-दोन पाने ठेवून बाकीची काढावी, आणि दुसऱ्या गावी न्यायची असल्यास ओल्या फडक्यात किंवा केळीच्या सोपटात गुंडाळून न्यावी. मातीसकट रोप देण्याचे शक्यतो टाळावे. मातीबरोबर लव्हाळ्याच्या गाठी आणि गोगलगाईची अंडी जातात, आणि जास्वंदीच्या फांदीबरोबर पिठ्या ढेकूण जातो. आणलेले रोप पंधरा दिवस तरी बाकीच्या कुंड्यांपासून दूर, पडवीच्या टोकाला ठेवावे.

शेवंतीची पिल्ले मात्र फुले संपल्यावरच, साधारण जानेवारीनंतर, बुंध्यापासून सोडवून द्यावीत. शेवंती फुलण्यासाठी रात्र मोठी आणि अखंड काळोखाची लागते. शेजारच्याने दिलेल्या त्याच पिल्लाला आपल्याकडे कळ्या येत नसतील तर खताचा विचार करण्याआधी रात्रभर जळणारा पडवीतला किंवा रस्त्यावरचा दिवा कुंडीवर पडतो का, ते पाहावे. न्हाणीच्या पाण्यावर पोसलेला सोनटक्का दाट झाला असेल तर फुले ओसरल्यावर गड्डा फोडावा आणि प्रत्येक तुकड्याला दोन-तीन कोंब राहतील असे पाहावे.

विषारी झाडांच्या बाबतीत संकोच न करता आधी सांगावे. कळलावीची फुले गौरीच्या दिवसांत घरात येतात आणि तिचा वेल फार देखणा असतो. पानाचे टोकच तणाव्यासारखे वळून आधार धरते, ही तिची न चुकणारी खूण. पण तिच्या कंदात कॉल्चिसिन हे तीव्र विष असते. पावसाळ्यानंतर वेल वाळून नाहीसा होतो, कंद जमिनीतच राहतो, आणि नेमके पुढच्या दोन-तीन महिन्यांत आपल्याकडे कणगर आणि करांदे हे खाण्याचे कंद खणले जातात. म्हणून कळलावी वेगळ्या, दगडांनी आखलेल्या जागी लावावी, वेल वाळण्याच्या आधी तिथे खुंटी ठोकावी आणि लहान मुले असलेल्या घरी कंद देऊ नये. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्यांनी मुले पिढ्यान्‌पिढ्या खेळत आली आहेत, पण त्यातल्या बियांनी हृदयाचे ठोके बिघडून मृत्यू येऊ शकतो. गुंजेचे बी चावले गेले तर तेही तितकेच घातक ठरते.

काही झाडे ओळखावीत ती न वाटण्यासाठी. नोव्हेंबरपासून वईच्या, म्हणजे कुंपणाच्या, कडेने पांढरट-जांभळट गोंड्यांनी भरलेले, चुरगाळल्यावर उग्र वास येणारे आणि पानावर तळापासून तीन ठळक शिरा असलेले झुडूप दिसले तर ती रानमोडी होय; बी वाऱ्यावर जाण्याआधी ती उपटावी. वेडेलिया या नावाने विकले जाणारे पिवळ्या फुलांचे आच्छादन पेऱ्यापेऱ्याला मुळे धरते आणि उपटून गडग्यापलीकडे टाकले तर तिथेही वाढते. कॉसमॉस अंगणात खुशाल लावावा, पण सड्यालगतच्या, म्हणजे कातळाच्या पठारालगतच्या, घरांनी त्याची फुले बी धरण्याआधी खुडावीत.

सड्यावरच्या रानफुलांचे उलट आहे. कंदीलपुष्प किंवा सीतेची आसवे कातळावरच्या बोटभर मातीत, चार महिने पाणी आणि आठ महिने कोरड, अशा चक्रावर जगतात. कुंडीत ती सहसा टिकत नाहीत, म्हणून ती उपटू नयेत. फोटो घ्यावा आणि दुर्मीळ झाडाचा असेल तर नेमकी जागा कोणालाही सांगू नये.

देताना प्रत्येक पुडीवर किंवा फांदीला बांधलेल्या चिठ्ठीवर नाव, फुलाचा रंग, महिना, गाव आणि विषारी असल्यास तसा शब्द पेन्सिलीने लिहावा, कारण शाई ओलाव्याने पसरते. नावाची खात्री नसेल तर तिथे प्रश्नचिन्ह करावे. पुढच्या आश्विनात फूल आले की चिठ्ठीवरचे नाव पडताळावे आणि ते चुकले असेल तर ज्यांच्याकडून झाड आले त्यांनाही कळवावे, कारण त्यांच्याकडून तेच नाव आणखी चार घरी गेलेले असते.