लग्नाची गिफ्ट लिस्ट कशी बनवायची, नाशिकच्या जोडप्यांसाठी

केळवणाचं जेवण झालं की मामी किंवा काकू विचारतेच, "काय देऊ गं लग्नात, तुम्हाला उपयोगी पडेल असं सांग," आणि आपण दरवेळी म्हणतो, "काही नको, तुम्ही फक्त या." मामीला मनापासून द्यायचं असतं, मग ती तिच्या अंदाजाने डिनर सेट घेते, आत्याही डिनर सेटच घेते, ऑफिसवाले भिंतीवरचं घड्याळ आणतात आणि भाड्याच्या वन बीएचकेत ते सगळं माळ्यावर जातं. गिफ्ट लिस्ट म्हणजे मामीच्या प्रश्नाचं आधीच तयार ठेवलेलं खरं उत्तर. जो विचारेल त्यालाच द्यायची, हा एक नियम धरला की बनवताना अवघडल्यासारखं होत नाही आणि कोणाला खटकतही नाही.

ही पद्धत मूळची अमेरिकेतली, १९२४ मध्ये शिकागोच्या मार्शल फील्ड्स या मोठ्या दुकानाने ती सुरू केली असं मानतात, नवरीने आपल्याला हवी ती भांडी दुकानात नोंदवून ठेवायची आणि पाहुण्यांनी तिथून घ्यायची. आपल्याला नाशिकमध्ये हेच काम एक गूगल शीट, एक ऑनलाइन विश लिस्ट आणि ओळखीचा भांडीवाला यांच्यावर छान भागवता येतं.

पहिलं काम, दोघांनी एकत्र बसायचं आणि राहणार कुठे ते नक्की करायचं. पाथर्डी फाट्याला नवीन फ्लॅट, पुण्यात नोकरीसाठी भाड्याचं घर की सासरी एकत्र कुटुंबात, यावर सगळी लिस्ट बदलते. एकत्र कुटुंबात स्वयंपाकघर भरलेलंच असतं, तिथे कुकर-मिक्सर लिहून उपयोग नाही, तिथे आपल्या खोलीचं सामान लिहा, चांगल्या चादरी, प्रवासाची बॅग, इस्त्री, टेबल लॅम्प असं. नवीन घर असेल तर आधी माहेरून काय येतंय, रुखवतात काय मांडणार आहेत, आईने आधीच काय जमवून ठेवलंय ते विचारा. बऱ्याच आया स्टीलचे डबे, ताटं-वाट्या वर्षानुवर्षं साठवत असतात आणि ते लग्न ठरल्याशिवाय सांगत नाहीत. जे आहे ते कापून टाका, उरेल ती तुमची लिस्ट.

आता लिहिताना नेमकं लिहा. नुसतं "कुकर" लिहिलं तर ३ लिटरपासून १० लिटरपर्यंत काहीही येईल, त्यापेक्षा "५ लिटर, स्टीलचा, इंडक्शनवर चालणारा" असं लिहा. इंडक्शन वापरणार असाल तर हे फार महत्त्वाचं आहे कारण तांबं, पितळ आणि साधं ॲल्युमिनियम इंडक्शनवर तापत नाही, सपाट बुडाचं लोहचुंबक चिकटेल असंच भांडं लागतं. शेगडीचंही तसंच, बिल्डिंगमध्ये पाइप गॅस आहे की सिलिंडर ते बघूनच लिहा, दोन्हीच्या बर्नरचे जेट वेगळे असतात आणि ते नंतर बदलून घ्यावे लागतात. मिक्सरला किती भांडी हवीत, चादर सिंगल की डबल, रंग कोणता चालेल आणि कोणता अजिबात नको, हेही एका ओळीत लिहून टाका, देणाऱ्याला त्याने सोपंच जातं.

किमतीबाबत माझं ठाम मत आहे की लिस्टमधल्या निम्म्याहून जास्त वस्तू हजाराच्या आत असाव्यात. पोळपाट-लाटणं, बिडाचा तवा, किसणी, चहाचे कप, मसाल्याचा डबा, पायपुसणी, छान टॉवेल. या वस्तू रोज हातात येतात, आणि कॉलेजमधला नुकता नोकरीला लागलेला मित्र किंवा गावाकडची आजी यांना लिस्ट बघून कमीपणा वाटता कामा नये. निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडचे पाहुणे असतील आणि लग्न फेब्रुवारी-मार्चमध्ये असेल तर घरोघरी द्राक्षाची काढणी चालू असते, माल गेला तरी व्यापाऱ्याकडून पैसे यायचे असतात, त्यामुळे छोट्या वस्तू भरपूर ठेवा. फ्रीज, वॉशिंग मशीनसारख्या ३-४ मोठ्या वस्तू वेगळ्या लिहा आणि शेजारी "ग्रुपने कॉन्ट्री काढून" असं टाका, मित्रमंडळी आणि ऑफिसवाले त्याच शोधत असतात.

लिस्ट ठेवायची कुठे तर गूगल शीट सगळ्यात बरी. वस्तू, साइज किंवा मॉडेल, अंदाजे किंमत, कुठे मिळेल, ठरली का, इतके रकाने पुरतात. पण लिंकवाल्याला फक्त बघता येईल असं सेटिंग ठेवा, बदल करायचा अधिकार एकाच माणसाला द्या, आणि कोणी काय घेतलं ते नाव या शीटमध्ये अजिबात दिसू देऊ नका, नाहीतर कोणी किती दिलं याची तुलना घराघरात सुरू होते. नुसतं "ठरलं" एवढं लिहा, नावं वेगळ्या वहीत ठेवा. बाहेरगावचे, परदेशातले मित्र ऑनलाइनच घेणार असतील तर त्यांच्यासाठी अ‍ॅमेझॉनवर विश लिस्ट करून तिची लिंक देता येते.

भांड्यांसाठी मात्र मी कोणालाही जुन्या नाशकात, भांडी बाजारातच जायला सांगेन. नाशिकचं तांब्या-पितळेचं काम जुनं आणि नावाजलेलं आहे, आणि समई, हंडा, घंगाळ, पितळी पातेलं या वस्तू हातात घेऊन, वजन बघूनच घ्यायच्या असतात कारण तांबं-पितळ वजनावर विकलं जातं. दोघं एकदा जाऊन तुमचा नेहमीचा दुकानदार असेल त्याच्याकडे हव्या त्या वस्तू निवडा, त्याला लग्नाची तारीख आणि दोघांची नावं वहीत लिहून ठेवायला सांगा, आणि लिस्टमध्ये त्या वस्तूंपुढे दुकानाचं नाव आणि फोन टाका. आजोबा-काकांच्या पिढीला लिंकपेक्षा हे फार जवळचं वाटतं, ते जातात, नाव सांगतात, दुकानदार वही उघडून काय राहिलंय ते दाखवतो. दोन गोष्टी त्याला आधीच सांगा. भांड्यावर देणाऱ्याचं नाव आणि तारीख घालायची पद्धत आहे, पण एकदा नाव घातलं की भांडं बदलून मिळत नाही, म्हणून घाई करू नका म्हणावं. आणि पितळेच्या ज्या पातेल्यात स्वयंपाक करणार त्याला आतून कल्हई करूनच द्यायला सांगा, कल्हईशिवाय त्यात आंबट शिजवू नये.

लोकांना कळवायचं कसं, इथे बरेच जण अडतात. पत्रिकेवर छापू नका, फॅमिली ग्रुपवर टाकू नका. दोन्हीकडून एकेक माणूस नेमा, करवली, मावसबहीण किंवा बोलकी काकू, आणि आईबाबांना सांगून ठेवा की कोणी विचारलं तर "तिला फोन करा, तिच्याकडे सगळं लिहिलेलं आहे" एवढंच म्हणायचं. मेसेज असा असला तरी चालतो : "मामी, तुम्ही विचारलंत म्हणून पाठवतेय, यातलं जे सोयीचं वाटेल ते सांगा म्हणजे मी खूण करून ठेवते, आणि दुसरं काही मनात असेल तर तेही चालेलच." शेवटचं वाक्य काढू नका, ज्याला आपल्या हाताने निवडून येवल्याची पैठणी द्यायची आहे त्याला ती देऊ द्या. आणि लिस्ट साखरपुड्यानंतर लगेच करा, केळवणं सुरू व्हायच्या आत, कारण प्रश्न तिथेच येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ही लिस्ट नवऱ्याकडून नवरीच्या आईवडिलांकडे कधीच जाता कामा नये, चेष्टेतही नाही. मित्राने विचारून मिक्सर दिला तर ती भेट, पण मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी फ्रीज, सोफा, गाडी अशी यादी दिली तर ती हुंड्याची मागणी, आणि १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यात नुसती मागणी हाही गुन्हा आहे. मुलीच्या वडिलांना "नाही" म्हणायची सोय नसते, म्हणून लिस्ट त्यांच्यासमोर ठेवणंच चूक. लिस्ट मित्र, सहकारी आणि आपापल्या नातेवाइकांपुरतीच ठेवा, नवरीने तिच्या, नवऱ्याने त्याच्या.

पैशाचा आहेर यायचाच. मंडपात यूपीआयचा क्यूआर लावायचा की नाही हे घरच्यांना विचारून ठरवा, मला तो दारात लावलेला आवडत नाही, विचारणाऱ्याला फोनवर पाठवावा. लग्नानिमित्त नवरा-नवरीला मिळालेल्या भेटीवर आयकर लागत नाही, रक्कम कितीही असो, पण ही सूट नवरा-नवरीला आहे, म्हणून मोठी रक्कम असेल तर चेक तुमच्या नावाने घ्या, आईवडिलांच्या नावाने नको. आणि एका माणसाकडून एका कार्यासाठी २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला कायद्याने मनाई आहे, तेवढाच दंड घेणाऱ्याला बसू शकतो.

डिलिव्हरीचा पत्ता लॉन्सचा देऊ नका. गंगापूर रोडच्या लॉन्सवर रात्री सामान आवरताना खोकी कोणाच्या गाडीत गेली ते दुसऱ्या दिवशी कळत नाही. मोठ्या वस्तू लग्नानंतर ८-१० दिवसांनी नवीन घरीच मागवा, बिल तुमच्या नावाने घ्या, वॉरंटीला तेच लागतं, आणि बदलायची मुदत आधी वाचून ठेवा कारण हनिमूनहून येईपर्यंत ती संपलेली असते.

लग्नात आहेर लिहायला जो बसतो त्याच्याकडे दोन वह्या द्या, एक नवरीची, एक नवऱ्याची. हुंडा प्रतिबंधक कायद्याखालच्या १९८५ च्या नियमांनुसार लग्नात मिळालेल्या भेटींची लेखी यादी ठेवायची असते, नवरीच्या भेटींची तिने, नवऱ्याच्या त्याने. त्यात वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं लिहायचं आणि दोन्ही याद्यांवर दोघांच्या सह्या हव्यात. पूजा आटोपली की एका संध्याकाळी दोघांनी बसून त्या पुऱ्या करा, सह्या करा, फोटो काढून दोघांच्या मेलवर टाका, आणि त्याच वहीवरून एकेकाला फोन लावायला घ्या, आधी वयाने मोठ्यांना.