शेजारच्या किनारी बंगल्याची सीआरझेड परवानगी कशी तपासावी

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीला समुद्र नाही. तरी चोर्ला घाट उतरला की गोवा, आंबोली उतरली की वेंगुर्ला आणि लोंढा-जोयडामार्गे खाली गेले की कारवार लागते, त्यामुळे सीमाभागातल्या पुष्कळ मराठी घरांचा वडिलार्जित वाटा, आजोळ किंवा कुलदैवत यांपैकी काहीतरी किनाऱ्यावर असतेच. अशा वाट्याला लागून एखाद्या धनवंताने माडबन विकत घेतले, चिऱ्यांचे उंच कंपाउंड घातले आणि आत जेसीबी फिरू लागला, की गावात ‘याला परवानगी आहे का’ अशी विचारणा सुरू होते. एवढ्या प्रश्नाने हाती काही लागत नाही, कारण परवानगीचा कुठला ना कुठला कागद अशा मालकाकडे बहुधा असतोच. ती परवानगी कोणी दिली, कशासाठी दिली आणि भरतीरेषेपासून किती अंतरावरच्या बांधकामाला दिली, हे तपासायचे असते.

पर्यावरण (संरक्षण) कायदा, 1986 खाली केंद्र सरकारने 19 फेब्रुवारी 1991 रोजी किनारपट्टी नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची, पहिली अधिसूचना काढली. तिच्या जागी 2011 मध्ये दुसरी आणि 18 जानेवारी 2019 रोजी तिसरी आली. समुद्राच्या उच्च भरतीरेषेपासून जमिनीकडे 500 मीटरपर्यंतचा पट्टा सीआरझेडमध्ये मोडतो. खाडी आणि नदीच्या काठालाही हा नियम लागू होतो, हे मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. वर्षातल्या सर्वांत कोरड्या काळात पाण्याची क्षारता हजारी 5 भाग जिथवर मिळते, तिथवर भरतीचा प्रभाव धरला जातो आणि 2019 च्या अधिसूचनेप्रमाणे तेवढ्या काठावर 50 मीटर किंवा पात्राची रुंदी, यांपैकी जे कमी असेल ते अंतर मोजले जाते. तेरेखोल किंवा काळी नदीच्या मुखाकडे ‘नदीकाठचा फार्महाऊस’ म्हणून दाखवला जाणारा बंगला त्यामुळे आपोआप मोकळा सुटत नाही.

काम सुरू करताना आधी राज्य ठरवावे. सिंधुदुर्गासाठी मुंबईतले, गोव्यासाठी पणजीतले आणि कारवारसाठी बेंगळुरूतले किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण पाहावे लागते. आपण राहतो कर्नाटकात म्हणून अर्ज बेंगळुरूला धाडला आणि जमीन पेडण्यात असली, तर महिने फुकट जातात. महाराष्ट्राकडे मराठीत लिहावे. गोव्याच्या 1987 च्या राजभाषा कायद्यात मराठीलाही स्थान असल्याने तिथेही मराठी अर्ज करता येतो, मात्र नकाशे आणि तांत्रिक मजकूर इंग्रजीत जोडलेला बरा. कारवारच्या जमिनीबाबत कन्नड किंवा इंग्रजीत लिहावे. भाषेचा प्रश्न आपल्याकडे किती तापतो हे ठाऊक असूनही हे सांगतो, कारण अर्ज अनुवादाच्या नावाखाली टेबलावर पडून राहिला तर तेवढ्या अवधीत शेजारी स्लॅब पडतो.

त्यानंतर उतारा काढावा. महाराष्ट्रात सातबारा, गोव्यात नमुना एक व चौदा आणि कर्नाटकात आरटीसी, म्हणजे आपल्याकडे ज्याला नुसते उतारा किंवा पहाणी म्हणतात तो. त्यावरून सर्व्हे क्रमांक, पोटहिस्सा आणि क्षेत्र पक्के करावे. गोव्यात क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये असते, तेव्हा गुंठ्यांत विचार करणाऱ्याने हिशेब दोनदा तपासावा. ‘देवळाच्या मागचा पांढरा बंगला’ अशा वर्णनावर कोणतेही कार्यालय हालचाल करू शकत नाही.

सर्व्हे क्रमांक हाती आला की किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखडा उघडावा. तो प्राधिकरणांच्या संकेतस्थळांवर मिळतो. त्यात भरतीरेषा आणि वर्ग आखलेले असतात. कांदळवन, वाळूच्या टेकड्या आणि कासवांच्या अंडी घालण्याच्या जागा वर्ग एक-अ मध्ये येतात. गोव्यातील मोरजी हे त्याचे परिचित उदाहरण. शहरातला विकसित भाग वर्ग दोनमध्ये आणि ग्रामीण भाग वर्ग तीनमध्ये येतो. 2019 च्या अधिसूचनेने वर्ग तीनचे दोन भाग केले. 2011 च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरमागे 2161 हून अधिक लोकवस्ती असलेल्या गावात ना-विकास क्षेत्र 50 मीटरचे, तर त्याहून विरळ वस्तीच्या गावात 200 मीटरचे राहते. मात्र 2019 नुसारचा आराखडा केंद्राने मंजूर केल्याशिवाय ही सवलत लागू होत नाही. तोवर 2011 चेच नियम चालतात. परवानगीपत्रावर 2019 चा उल्लेख असेल, तर त्या तारखेला त्या भागाचा आराखडा मंजूर झाला होता का, हे अवश्य पाहावे. मालवण आणि कारवार परिसर अधिसूचनेत अतिसंवेदनशील किनारी क्षेत्रांत नावानिशी नोंदलेले आहेत, म्हणून तिथे अधिक बारकाईने वाचावे.

आता परवानगीच्या कागदाकडे यावे. ग्रामपंचायतीचा बांधकाम परवाना किंवा एनए, म्हणजे बिगरशेती, आदेश म्हणजे सीआरझेडची मान्यता नव्हे. केरळात कोचीजवळच्या मरडू इथे तेव्हाच्या पंचायतीने परवाने दिले होते, परंतु किनारा प्राधिकरणाची संमती घेतलेली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने मे 2019 मध्ये आदेश दिला आणि जानेवारी 2020 मध्ये चार गृहसंकुले स्फोटके लावून पाडली गेली. त्याआधी मार्च 2019 मध्ये अलिबागजवळ किहीमला नीरव मोदीचा बंगला रायगड जिल्हा प्रशासनाने असाच पाडला होता.

एक सवलत मात्र खरी आहे. 2019 च्या अधिसूचनेनुसार स्वतःच्या राहण्यासाठी 300 चौरस मीटरपर्यंतचे घर स्थानिक संस्था प्राधिकरणाच्या शिफारशीशिवाय मंजूर करू शकते, पण सीआरझेडचे बाकीचे नियम पाहूनच. ही तरतूद मच्छीमाराच्या आणि स्थानिकाच्या घरासाठी रास्त आहे. एकाच मालकाच्या लगतच्या पोटहिश्श्यांवर प्रत्येकी थोडे कमी क्षेत्र दाखवून तीन ‘घरे’ उभी राहत असतील आणि तिन्हींना एकच जलतरण तलाव असेल, तर तिन्ही परवाने एकत्र मांडून तक्रार करावी.

दुसरी नेहमीची पळवाट दुरुस्तीची असते. 19 फेब्रुवारी 1991 पूर्वीच्या घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी काही अटींवर मान्य होते, म्हणून पडक्या खोपटाच्या नावावर दुमजली व्हिला उभा करण्याचा मोह होतो. मालकाने जोडलेली घरपट्टीची पावती कोणत्या वर्षाची आणि किती क्षेत्राची आहे ते पाहावे. जुन्या सर्व्हे नकाशात त्या जागी घराची आकृती आहे का, हेही तपासावे. गूगल अर्थवरील घर ओळखू येण्याइतकी स्पष्ट उपग्रहचित्रे 1991 पर्यंत मागे जात नाहीत, पण गेल्या वीस वर्षांत तिथे नुसते माड होते, एवढे ती दाखवू शकतात. प्रत्येक चित्रावर तारीख आणि अक्षांश-रेखांश दिसतील असे छापून घ्यावे.

रिसॉर्ट असेल तर तपासायच्या गोष्टी वाढतात. उंची 9 मीटरपर्यंत, मजले दोनच, चटईक्षेत्र निर्देशांक 0.33 आणि लगतच्या दोन रिसॉर्टांमध्ये किमान 20 मीटरची मोकळी जागा, अशा अटी आहेत. भरतीरेषेपासून 200 मीटरच्या आत भूजल उपसता येत नाही, म्हणून आत बोअरवेलची गाडी गेली असेल तर तिचा तारखेसह फोटो ठेवावा. झाडाझुडपांचे किंवा काटेरी तारेचे कुंपण चालते, पण त्याने किनाऱ्यावर जाण्याची लोकांची वाट अडता कामा नये. माझ्या मते वाट अडवल्याचा मुद्दा सर्वांत सोपा आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. गावातली चार वयस्क माणसे त्या पाणंदीची वहिवाट लेखी सांगू शकतात आणि पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याला बंद फाटक डोळ्यांनी दिसते. अंतर मोजायला तज्ज्ञ लागतो, इथे तो लागत नाही.

कागद मिळवण्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करावा. भारतीय नागरिक कोणत्याही राज्यातून तो करू शकतो. ‘परवानगी का दिली’ असे विचारू नये, कारण या कायद्यात अस्तित्वात असलेला अभिलेख मिळतो, खुलासा मिळत नाही. मजकूर साधारण असा असावा: ‘मौजे अमुक, सर्व्हे क्रमांक अमुक येथील बांधकामास दिलेल्या सीआरझेड मान्यतेची प्रत, अर्जासोबतचा 1:4000 प्रमाणाचा नकाशा, विषय ज्या बैठकीत आला तिचे इतिवृत्त, स्थळपाहणी अहवाल आणि सहामाही अनुपालन अहवाल द्यावेत.’ महाराष्ट्रात आणि कर्नाटकात 150 शब्दांची आणि एका विषयाची मर्यादा आहे, ती सांभाळावी. उत्तराची मुदत 30 दिवसांची असते. ‘असा कोणताही अभिलेख उपलब्ध नाही’ हे उत्तर आले तरी ते जपून ठेवावे. तक्रारीत तेच सर्वांत जड जाते.

तक्रार प्राधिकरणाकडे पाठवून प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी, कारण जिल्हास्तरीय समिती त्यांच्या अध्यक्षतेखाली असते आणि तिच्यात मच्छीमारांसह स्थानिक किनारी समाजाचे किमान तीन प्रतिनिधी असणे बंधनकारक आहे. त्या प्रतिनिधींना आधी भेटावे. मालकाच्या पैशाबद्दल किंवा राजकीय ओळखींबद्दल तक्रारीत अक्षर लिहू नये. ते खरे असले तरी प्राधिकरणाला त्यावर निर्णय देता येत नाही आणि उलट बदनामीची नोटीस मात्र येऊ शकते. मागणी स्पष्ट असावी: काम थांबवावे, संयुक्त पाहणी करावी, पर्यावरण (संरक्षण) कायद्याच्या कलम 5 खाली पाडण्याचा आदेश द्यावा. 1 एप्रिल 2024 पासून या कायद्याखालील शिक्षेच्या जागी 10 हजार ते 15 लाख रुपयांचा दंड आला आहे आणि कोट्यवधींच्या बंगल्यापुढे तो किरकोळ ठरतो, म्हणून नुसत्या दंडाची मागणी करून थांबू नये.

प्राधिकरण हलले नाही तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आहे. गोवा आणि सिंधुदुर्गासाठी पुण्याचे पीठ, कारवारसाठी चेन्नईचे. न्यायाधिकरणाच्या कायद्यातील कलम 14 खालचा अर्ज वादाचे कारण प्रथम उद्भवल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो आणि पुरेसे कारण दाखवल्यास आणखी 60 दिवस मिळतात. आदेशाविरुद्धच्या अपिलाला मात्र 30 दिवसच असतात, त्यावर पुन्हा 60 दिवसांची मुभा. तक्रारीच्या उत्तराची वाट पाहण्यात ही मुदत थांबत नाही, म्हणून पहिल्या फोटोची तारीखच वकिलाला आधी सांगावी. नुकसानभरपाई मागायची नसेल तर अर्जाचे शुल्क 1000 रुपये आहे.