भातलावणीच्या प्रशिक्षणाला निघण्याआधी

कोकणात भातशेतीच्या निवासी प्रशिक्षणाला जाणार असाल, तर तयारी मे महिन्यातच सुरू करा. पहिलं काम मातीचं, आणि ते पाऊस पडायच्या आत व्हायला हवं. बांधालगतची, झाडाखालची, उकिरड्याजवळची जागा सोडून शेतभर नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डे घ्या. खड्ड्याच्या कडेची माती वरपासून तळापर्यंत सारखी तासून घ्या. सगळी एकत्र करून गोणपाटावर पसरा, बोटाने चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, उरलेले मिसळा. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा. सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरा. खताची रिकामी पिशवी अजिबात वापरू नका. माती परीक्षणाचा अहवाल हातात असला की खताच्या तासाला तुम्ही आपल्या शेताबद्दल विचारू शकता.

सातबाऱ्याची झेरॉक्स घ्या आणि क्षेत्र गुंठ्यांत लिहून ठेवा. आमच्या घरी सगळे 'दीड खंडीचं शेत' म्हणायचे; खंडी हे धान्याचं जुनं माप. मी तसंच सांगितलं आणि बियाण्याचा हिशेब अडला. कागदावर खाचरांचा (बांध घातलेल्या भाताच्या तुकड्यांचा) साधा नकाशाही काढा. वरकस (चढावरची हलकी जमीन) कुठे, दसऱ्यापर्यंत पाणी कुठे राहतं, हे घरातल्या जुन्या माणसाला विचारून भरा. हळवं (लवकर पिकणारं), निमगरवं (मधलं) की गरवं (उशिरा पिकणारं) भात घ्यायचं, ते यावरच ठरतं.

घरच्या भाताची पायली-दोन पायली बांधून घ्या. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणं ओतलं की पोचट दाणे वर तरंगतात; खाली बसलेलं चांगल्या पाण्याने धुऊन पेरायचं. आपल्याच बियाण्यातले एवढे दाणे तरंगताना पाहिले की ही पायरी पुन्हा कधी चुकत नाही.

कपड्यांचं फार नाही. जुने सुती, पूर्ण बाह्यांचे, चिखल न निघाला तरी चालतील असे. डोक्याला टॉवेल, अंगावर रेनकोट. वहीबरोबर पेन्सिल ठेवा, शाई पावसात फुटते.

तब्येतीची तयारी मात्र टाळू नका. चिखलात उतरणाऱ्याला लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो. उंदरांच्या मुताने दूषित पाणी पायाच्या जखमेतून अंगात जंतू सोडतं. निघण्यापूर्वी डॉक्टरांना भेटा, धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा, पायाला भेगा असतील तर आधी बऱ्या करा. ताप आला तर अंगावर काढू नका, चिखलात काम केल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा.

चारसूत्री लागवड (चार सूत्रांची भातलागवडीची पद्धत) शिकणार असाल, तर १५ आणि २५ सेंटिमीटरचं आलटून-पालटून अंतर घरीच काठीवर खुणा करून डोळ्यांत बसवा. चार चुडांच्या (एकत्र लावलेल्या रोपांच्या जुडग्यांच्या) चौकोनात मधोमध २.७ ग्रॅमची युरिया-डीएपी ब्रिकेट (खताची दाबून केलेली गोळी) हाताने ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचायची असते. वाकून वाकून कंबर पहिल्या दिवशीच बोलायला लागते. आठवडाभर आधीपासून अंगणात वाकून कामाची सवय करा.

शेवटचं घरच्यांशी बोलायचं. दोन गुंठ्यांचं एक खाचर आणि तेवढं आवण (लावणीची रोपं) माझ्यासाठी राखा, असं सांगून निघा. रोपं २१ ते २५ दिवसांची लावायची असतात, म्हणून परतीची तारीख बघून मागे मोजा आणि त्या दिवशी रोपवाटिकेत बी तुमच्या हातानेच पेरा.