ओळखीच्याचा पहिला अल्बम कसा ऐकावा

गिटार घेऊन स्वतःची मराठी गाणी गाणारी मुलं-मुली पुण्यात आता बरीच दिसतात. नारायण पेठेत माझी रेकॉर्डिंगची छोटी खोली आहे, त्यामुळे त्यांचे पहिले अल्बम माझ्याकडे येतात. तुमच्याही ओळखीच्या कुणी "कसा वाटला?" असं विचारलं, तर नुसतं "मस्त" म्हणून सुटू नका.

मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. गिटारची सगळ्यांत जाड तार ८२ हर्ट्झच्या आसपास वाजते. तो खर्ज तिथे जवळजवळ येतच नाही, म्हणजे जाड तारा छेडणाऱ्या अंगठ्याची सगळी मेहनत फुकट. साधे हेडफोन चालतील. पहिल्यांदा क्रमानं, न थांबता ऐका आणि लक्ष कुठे सुटलं तेवढी खूण कागदावर करा.

मग शब्द चालीशिवाय मोठ्यानं वाचा. खरी पारख इथेच होते. आपल्या कानात अभंगाची सहा-सहा-सहा-चार अक्षरं मुरलेली असतात. नवा गाणारा बहुतेकदा चार मात्रांचं स्ट्रमिंग, म्हणजे सगळ्या तारांवरून हात फिरवत वाजवणं, आधी धरतो आणि शब्द त्यात कोंबतो. मग 'नदी'ची 'नादी' होते, 'पाऊस'मधला 'ऊ' गिळला जातो. कोथरूडच्या एका मुलीच्या अल्बममध्ये निम्म्या गाण्यांत हेच झालं होतं. पण मेसच्या डब्यावरच्या तिच्या गाण्यात बोलताना जिथे श्वास घेऊ, तिथेच ओळ थांबत होती; ठेका शब्दांमागून येत होता. ते गाणं मी तिला गिटारशिवाय म्हणायला लावलं, तरी उभं राहिलं. असं एक जरी गाणं सापडलं, तरी त्या गाणाऱ्याचा पुढचा अल्बम मी आवर्जून ऐकते.

कमजोर वाटलेल्या गाण्यांवर लगेच फुली मारू नका. प्रत्येकाची पट्टी आणि लय लिहून काढा. कॅपो (पट्टी बदलायला गिटारच्या मानेवर लावतात तो चिमटा) एकाच फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या रेघेपाशी, ठेवून सलग तीन गाणी सारख्याच लयीत आली, की चौथं चांगलं गाणंही फिकं पडतं. तिथे दोष क्रमाचा असतो. गिटार घुमत असेल तर माइक बहुधा थेट भोकासमोर ठेवलेला असतो. तो फूटभर लांब, बाराव्या फ्रेटकडे रोखायला सांगा. दोन गाण्यांत गिटारचा आवाजच वेगळा वाटला, तर रेकॉर्डिंग कुठल्या महिन्यात झालं ते विचारा. आपल्याकडच्या पावसाळ्यात लाकूड ओल धरून फुगतं, तारा उचलल्या जातात आणि सूर हलतो. बोटं सरकताना होणारी तारेची करकर मात्र राहू द्या, ती मला फार आवडते.

शेवटी मत लिहून पाठवा, तेही नेमकं: "चौथं गाणं, दुसरं कडवं, १ मिनिट ४० सेकंद, इथे 'पाऊस' कळत नाही." आवडलेल्या जागाही अशाच मिनिट-सेकंदासकट कळवा. आणि पुढची गाणी कुठल्या गाण्याच्या वाटेनं लिहावीत, ते त्या गाण्याचं नाव घेऊन सांगा.