शेळीला खुराक बोकड लावण्याच्या तीन आठवडे आधी

नागपूर, काटोल, उमरेडकडच्या कळपांत दर उन्हाळ्यात हेच होतं. चराई संपते, शेळ्या वाळतात, बोकड कळपातच मोकळा फिरतो आणि नवतप्याच्या उन्हात जी माजावर येईल तिला लागतो. पुढे पोट दिसायला लागलं की मालक ढेपेचं पोतं आणतो. तोवर करडं एक की दोन, हा हिशेब केव्हाच मिटलेला असतो.

करडं किती होणार हे माजाच्या वेळी किती बीजांडं सुटतात त्यावर ठरतं. एकच सुटलं तर नंतर बदाम चारले तरी दुसरं करडू यायचं नाही. आणि किती बीजांडं पिकतील हे बऱ्याच अंशी आधीच्या दोन-तीन आठवड्यांत शेळी वजनाने चढतीला आहे की उतरतीला, यावर असतं. म्हणून खुराकाची खरी वेळ बोकड लावण्याआधीची. गाभणपणाच्या शेवटच्या दीड महिन्यातला खुराकही लागतोच, पण तो करडांच्या वजनासाठी आणि दुधासाठी. संख्या त्याने वाढत नाही.

शेळी वाळली आहे का, हे डोळ्यांनी ठरवू नका. कुटाराने, म्हणजे वाळक्या भुशाने, पोट फुगलं की वाळकी शेळीही भरलेली दिसते. शेवटच्या बरगडीमागे कमरेवर हात ठेवा, अंगठा पाठकण्यावर आणि बोटं बाजूच्या आडव्या हाडांच्या टोकांवर. टोकं टोचत असतील आणि बोटं त्यांच्याखाली सहज शिरत असतील, तर शेळी वाळलेली. टोकं गोलसर लागली, दाबल्याशिवाय हाताला येत नसली तर बरोबर. हाडच सापडत नसेल तर शेळी लठ्ठ आहे, तिला जादा खुराक देऊन पैसे घालवू नका. फायदा सगळ्यात जास्त होतो तो वाळलेल्या शेळीला.

घरच्या मिश्रणाचं प्रमाण, 10 किलोसाठी:
- मका किंवा ज्वारीचा भरडा 6 किलो
- तूर चुनी 2 किलो (नागपुरात दालमिलवर सहज मिळते)
- शेंगदाणा ढेप दीड किलो
- खनिज मिश्रण 350 ग्रॅम
- मीठ 150 ग्रॅम

शेळीमागे रोज 250 ग्रॅम. पहिल्या दिवशी 50 ग्रॅमच द्या आणि दर दोन दिवसांनी 50 ग्रॅम वाढवा. एकदम पाव किलो भरडा टाकला तर पोटात आम्ल वाढून शेळी चारा सोडते, प्रसंगी दगावते. बोकड लावण्याआधी तीन आठवडे आणि नंतर तीन आठवडे धरले तर एका शेळीला जेमतेम 10 किलो लागतं. नंतरचे तीन आठवडे गाळू नका. गर्भ गर्भाशयात रुजण्याचा काळ तोच. खुराक अचानक तोडला, शेळी गाडीत घालून बाजार फिरवली किंवा दुपारी उन्हात चारली, तर दोनपैकी एक गर्भ, कधी दोन्हीही, जिरून जातात. मालकाला वाटतं शेळी उलटली, म्हणजे गाभ राहिलीच नाही.

बाभळीच्या शेंगा या दिवसांत फुकट पडलेल्या असतात, त्या वेचून द्या. शेंगा मिळालेल्या शेळ्या मृगात लवकर माजावर येतात असं जुने गुराखी सांगतात, आमचाही कल तिकडेच. सुबाभूळ मात्र एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशापर्यंतच.

आता तारखा. बोकड मे महिन्यातच वेगळा बांधा, शेळ्यांच्या नजरेआड आणि वासाआड. 5 जूनच्या सुमारास खुराक सुरू करा. पाऊस बसून ऊन उतरलं की 25 जूनच्या आसपास बोकड सोडा. मधल्या ताटातुटीमुळे शेळ्याही पुढेमागे एकत्रच माजावर येतात. 150 दिवसांनी, म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून करडं. पहिल्या पावसाचं कोवळं गवत पाणचट असतं, लेंड्या पातळ होतात. चरायला सोडण्याआधी तुरीचं किंवा हरभऱ्याचं कुटार खाऊ घाला.

बाकीची कामं, खुराक सुरू होण्याआधी उरकायची:
- लेंड्या तपासून जंतनाशक. गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल अजिबात नको
- आंत्रविषार आणि घटसर्पाची लस
- पीपीआरची (शेळ्यांच्या प्लेगची) लस राहिली असल्यास ती
- खुरं कापणे, गोचीड काढणे

माज एक ते दोन दिवस टिकतो आणि बीजांडं शेवटाकडे सुटतात. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी बोकड दाखवा, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. एका बोकडामागे 25 शेळ्या पुरे. बोकडाचं बीज तयार व्हायला सुमारे सात आठवडे लागतात, म्हणजे मे महिन्याच्या उन्हाची झळ जुलैत दिसते. त्यालाही तेव्हाच सावली, पाणी आणि थोडा खुराक हवा.

शेळीला एकच झालं म्हणून बोकडाला दोष देऊ नका. निरोगी बोकड त्या वेताची संख्या ठरवत नाही. त्याचा गुण उतरतो तो त्याच्या पाटींत, म्हणजे मादी करडांत. म्हणून जुळ्यांतला, जुळी देणाऱ्या आईचा बोकड ठेवा. आपल्याकडे नेमका तोच ईदेच्या बाजारात जातो आणि उरलेला किरकोळ बोकड कळपाचा बाप होतो. दोन वर्षांनी बोकड बदला. पहिल्या वेताला बहुतेक शेळ्या एकच देतात. पहिलटकरणीला त्यासाठी विकू नका, तिसऱ्या-चौथ्या वेतापर्यंत संख्या वाढते. जात बदलायच्या भानगडीत पडू नका. सिरोही, जमनापारी दिसायला मोठ्या, पण बहुधा एकेकच देतात. आपली बेरारी किंवा उस्मानाबादी नीट खायला मिळालं तर जुळी देते.

‘जुळ्यांची पावडर’, टॉनिकच्या बाटल्या दुकानदार गळ्यात मारतात. त्या पैशात पाच-सहा शेळ्यांची चुनी येते. हार्मोनचं इंजेक्शन पशुवैद्यकाशिवाय नकोच. चार-पाच बीजांडं सुटली तर करडं मरतुकडी जन्मतात.

शेळीला सड दोनच, हे लक्षात ठेवा. तिसरं करडू आलं तर पहिल्या तासातच त्याला चीक पाजा. दोन किलोच्या करडाला दिवसभरात 200 मिली, चार-पाच वेळा विभागून, आणि रात्री गोणपाटाचा आडोसा.